कोळंबीच्या उपांगांच्या १९ जोड्या: सुट्या कशा करायच्या, ओळखायच्या आणि मांडायच्या

कोळंबीच्या अंगावर उपांगांच्या, म्हणजे अंगाला जोडलेल्या पाय, मिशा, जबडे अशा अवयवांच्या, १९ जोड्या असतात. डोक्याला ५, छातीला ८, पोटाला ६. क्रमांक डोक्याकडून शेपटीकडे चढत जातात. टोकदार चिमटा, बारीक कात्री, भिंग आणि दोनेक तास हाताशी असले की त्या सगळ्या सुट्या करून काळ्या कागदावर ओळीने मांडता येतात. पुढे झुरळ, नाकतोडा, खेकडा काहीही अभ्यासायचं असलं तरी हात कोळंबीवरच बसवावा. संधिपाद, म्हणजे सांध्यांच्या पायांच्या, प्राण्यांची अंगरचना तिच्यात मोठ्या आकारात दिसते आणि ती कोपऱ्यावरच्या मासळी बाजारात मिळते.

या कामातला नेहमीचा घोळ म्हणजे आकार बघून नाव देणं. लांब आणि सांधेवाला तो पाय, पसरट पानासारखा तो तोंडाचा भाग, असा हिशेब केला की छातीच्या पहिल्या तीन जोड्यांतच गाडी घसरते. उपांगाचं नाव ठरतं ते कितव्या खंडावर उगवलंय त्यावरून. म्हणून खाली जी रीत दिली आहे तिच्यात मोजणीला पहिलं स्थान आहे, चित्राला दुसरं.

आधी कोळंबी कोणती ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत जी आकृती असते ती पॅलिमॉनची, म्हणजे आता मॅक्रोब्रॅकियम म्हणतात त्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीची. बाजारात हाती येते ती बहुधा समुद्रातली किंवा खाजणातल्या तलावात वाढवलेली पिनीड कुळातली: पांढरी, टायगर, नाहीतर व्हॅनामी. व्हॅनामी मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यापारी संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आज बाजारात तिचाच भरणा आहे. पुस्तक एका कुळाचं आणि टेबलावरची कोळंबी दुसऱ्या कुळाची, म्हणून आकृती जुळत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच चुकलं.

फरक तीन ठिकाणी चटकन दिसतो. पिनीडमध्ये चालपायांच्या पहिल्या तीन जोड्यांना टोकाशी चिमटे असतात. मॅक्रोब्रॅकियममध्ये फक्त पहिल्या दोन, आणि त्यातली दुसरी जोडी चांगलीच मोठी, नरात तर अंगापेक्षा लांब. पोटाच्या खंडांच्या बाजूच्या पट्ट्या पिनीडमध्ये कौलांसारख्या एकावर एक पुढून मागे बसतात. मॅक्रोब्रॅकियममध्ये दुसऱ्या खंडाची पट्टी पहिल्यावर आणि तिसऱ्यावर अशी दोन्हीकडे चढलेली असते. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला तर ती पिनीड नक्की नाही, कारण पिनीड मादी अंडी थेट पाण्यात सोडते.

डोक्यावरच्या काटेरी चोचीचे, म्हणजे रोस्ट्रमचे, दातही मोजून ठेवा. टायगरमध्ये वर बहुधा ७-८ आणि खाली ३. खालच्या कडेला एकही दात नसेल तर ती मेटापिनियस वंशातली असण्याची शक्यता मोठी. मॅक्रोब्रॅकियमची चोच लांब, टोकाशी वर वळलेली आणि खालच्या कडेलाही भरपूर दातांची.

पुढचं सगळं वर्णन पिनीड कोळंबीचं आहे.

खरेदी

किलोला २० ते ३० नग बसतील अशी कोळंबी घ्या. यापेक्षा लहान घेतली तर चौथी, तोंडाजवळची इवली जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डोक्यासकट, मिशांसकट हवी हे आधीच सांगा, नाहीतर कोळीण सवयीने डोकं मोडून देईल. फ्रोझन पाकिटातली बहुधा बिनडोक्याची असते, ती निरुपयोगी. १९ पैकी १३ जोड्या डोक्याछातीच्या भागावरच असतात.

चार नग घ्या: एक नर, एक मादी, दोन राखीव. डोकं आणि पोट यांच्या सांध्यावर हलकं ताणून बघा. सांधा सैल पडला असेल, कवचावर काळे डाग असतील तर ती कोळंबी ठेवून द्या. ते डाग कोळंबीच्याच विकरांमुळे मेल्यानंतर कवचाखाली धरतात. अशा कोळंबीत यकृत-स्वादुपिंड विरघळायला लागलेलं असतं आणि तोंडाचे भाग ओढताच लगदा हाती येतो. कवच बोटाने दाबून मऊ लागलं तर ती नुकतीच कात टाकलेली आहे, तिचीही उपांगं फाटतात.

घरच्या टाकीत चेरी श्रिंप पाळत असाल तर तिने टाकलेली कात फेकू नका. तीत मांस नाही, वास नाही, आणि उपांगांवरचं आवरण पूर्ण असतं. पाण्याच्या थेंबात रंगाच्या कुंचल्याने पसरली की भिंगाखाली सगळं दिसतं. मात्र चेरी श्रिंप पिनीड नव्हे, चिमट्यांच्या जोड्या दोनच मिळतील.

साहित्य

टोकदार चिमटा एक, बोथट टोकाचा एक, बारीक कात्री, दोन सुया, १० पट मोठं दाखवणारं भिंग. तळाशी सेंटीमीटरभर मेण ओतलेला स्टीलचा खोलगट ट्रे. मेणबत्त्या वितळवून घरीच होतो, मेणात थोडी काजळी घातली तर पांढरी उपांगं उठून दिसतात. टाचण्या, काळा कार्डपेपर, टिपकागद, कुंचला, पातळ केलेला पांढरा गोंद.

टिकवण्यासाठी ७० टक्के अल्कोहोल पुरतं. औषधाच्या दुकानात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं; त्याच्या १०० मिलीत ५ मिली ग्लिसरीन मिसळलं की सांधे लवचिक राहतात. जेल सॅनिटायझर चालत नाही, त्याचा चिकट थर बसतो. फॉर्मॅलिन घरात नकोच: वाफ डोळ्यांना झोंबते, ते कर्करोगकारक आहे, आणि सांधे इतके ताठ होतात की उपांग मुळाशी सुटायच्या ऐवजी मधेच मोडतं. अल्कोहोलजवळ गॅस किंवा काडी पेटवू नका. हातमोजे घाला. कोळंबीची अॅलर्जी असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. आणि रोस्ट्रम बोटात शिरलं तर जखम लगेच साबणाने धुवावी, समुद्रातल्या जिवाणूंची लागण चिवट असते.

ताजी कोळंबी थंड पाण्यात धुऊन अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवली की मांस घट्ट होतं आणि काम निम्म्याने सोपं होतं. ती नारिंगी-गुलाबी पडेल. जिवंतपणीचा निळसर-राखाडी रंग हा अॅस्टॅक्झँथिन नावाच्या नारिंगी द्रव्याला प्रथिनाने बांधून ठेवल्यामुळे असतो. प्रथिन बिघडलं की मूळ रंग उघडा पडतो. कोळंबी उकळल्यावर होतं तेच. घाई म्हणून उकळू मात्र नका, सांध्यांचे पडदे ठिसूळ होतात.

नर की मादी

कोळंबी उताणी ठेवा. पोटाखालच्या पोहपायांची पहिली जोडी बघा. नरामध्ये तिच्या आतल्या फांद्या मध्यरेषेवर एकमेकींना जोडून पेटास्मा नावाचा नळीवजा अवयव तयार होतो. मादीत ती आतली फांदी अगदी खुरटी असते, आणि त्याऐवजी छातीच्या तळाला, शेवटच्या चालपायांच्या मधोमध थेलिकम नावाची रचना असते. टायगर आणि पांढऱ्या कोळंबीत तिच्यावर झाकणासारख्या पट्ट्या असतात, व्हॅनामीत ती उघडी. मादीचं जननछिद्र चालपायांच्या तिसऱ्या जोडीच्या मुळाशी, नराचं पाचव्या जोडीच्या मुळाशी. हे नोंदवून मगच कात्री हातात घ्या, कारण एकदा पाय निघाले की छिद्रं शोधणं कठीण.

सुटी करण्याची रीत: मागून पुढे

फक्त डावी बाजू काढायची. उजवी जागेवर राहू द्या. शंका आली की मोजणी तिथेच पडताळता येते. क्रम मागून पुढे, कारण तोंडाचे भाग एकमेकांवर रचलेले असतात आणि सगळ्यात बाहेरचा थर मागच्या जोडीचा असतो. पुढून सुरुवात केली तर जबड्यापाशी पोचायला वरच्या जोड्या चिरडाव्या लागतात.

चिमट्याने उपांग मुळाशी, अंगाला टेकतं तिथेच पकडा. सुईने भोवतीचा मऊ पडदा फिरून कापा, मग खाली आणि बाहेर असा सावकाश ओढा. सोबत स्नायूचा एक तुकडा आला तर बरोबर निघालं असं समजा. तुटून निघालं तर मूळ अंगातच राहतं, आणि ओळखीचं काम बरंचसं मुळावरच चालतं.

शेपटीपासून सुरू करा. मधला त्रिकोणी तुकडा, टेल्सन, हे उपांग नाही. त्याला जोडी नाही, तो मोजायचा नाही. त्याच्या बाजूचा पंखा म्हणजे पुच्छपाद, युरोपॉड: एका आखूड बुडावर दोन पसरट फांद्या. ही १९ वी जोडी. तिच्या पुढे पोहपायांच्या पाच जोड्या, १८ व्या पासून १४ व्या पर्यंत. प्रत्येकात एक बूड आणि दोन पिसासारख्या फांद्या, पहिल्या जोडीचा अपवाद वर सांगितलाच. नराच्या दुसऱ्या पोहपायावर आतल्या बाजूला एक लहानसा जादा खुंट असतो, तो तुटू देऊ नका. एका बुडावर बाहेरची आणि आतली अशा दोन फांद्या हा मूळ साचा इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. तिसरा पोहपाय ट्रेच्या कडेला वेगळा ठेवा. पुढच्या प्रत्येक उपांगात हेच तीन भाग शोधायचे आहेत.

छातीकडे जाण्याआधी कवच उघडा. कवचाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून कात्रीचं बोथट टोक आत सरकवून डोळ्याच्या दिशेने वरच्या रेषेने कापत जा आणि बाजूची झडप उचलून काढा. खाली कल्ले दिसतील. हे पायांच्या मुळांशी आणि त्यांच्या लगतच्या भिंतीला जोडलेले असतात, त्यामुळे पाय ओढला की कल्ला सोबत येणारच. घाबरू नका, पण कितव्या पायाबरोबर आला ते लिहून ठेवा. पिनीडचा कल्ला फांद्याफांद्यांचा असतो, मॅक्रोब्रॅकियमचा वहीच्या पानांसारखा चपटा.

चालपायांच्या पाच जोड्या, १३ वी ते ९ वी. मागच्या दोन साध्या, नखाच्या टोकाच्या. पुढच्या तीन चिमट्याच्या, आणि त्यांत तिसरी सर्वांत लांब. भिंगाखाली मुळापासून टोकापर्यंत सात तुकडे मोजा. पहिले दोन म्हणजे बूड, उरलेले पाच म्हणजे आतली फांदी. मग बाहेरची फांदी कुठे गेली? पिनीडमध्ये पुढच्या पायांच्या बुडाशी एक खुरटा केसाळ धागा असतो, तीच ती. मॅक्रोब्रॅकियमच्या चालपायांत तीही नाही. चिमटा कसा बनलाय तेही इथे नीट बघून घ्या: सहाव्या तुकड्याचा कोपरा बोटासारखा वाढून सातव्याच्या समोर आला आहे. हलतो तो फक्त सातवा.

आता जंभपाद, मॅक्सिलिपेड, म्हणजे छातीवरचे पण तोंडाच्या मदतीचे पाय: आठवी, सातवी, सहावी जोडी. सर्वाधिक चुका इथे होतात. आठवी हुबेहूब पायासारखी लांब असते, म्हणून तिला सहावा चालपाय समजून बरेच जण हिशेब एकाने चुकवतात. तिच्या टोकाला चिमटा नाही आणि बुडाशी चांगली लांब, पिसासारखी बाहेरची फांदी आहे, एवढ्या दोन खुणा पुरेत. सातवीची आतली फांदी स्वतःवरच मागे दुमडलेली असते. ओढताना सरळ करायला गेलात तर मोडते, दुमडलेलीच काढा. सहावी पातळ, पानासारखी, पाय म्हणून ओळखूच येणार नाही अशी. तरीही ती छातीचीच पहिली जोडी.

पुढे डोक्याच्या पाच जोड्या. पाचवी, मॅक्सिला: पसरट पातळ पडदा, त्याची बाहेरची बाजू होडीच्या वल्ह्यासारखी लांब. कल्ल्यांच्या पोकळीच्या तोंडाशी बसून ही वल्ही सतत हलते आणि वापरलेलं पाणी पुढे फेकते, त्यामुळे मागून ताजं पाणी कल्ल्यांवर येतं. जिवंत कोळंबी काचेच्या भांड्यात ठेवली तर डोळ्यामागे कवचाखाली ही थरथर दिसते. कल्ले काढण्याआधी हिची जागा बघून ठेवली असेल तरच ती शाबूत निघते.

चौथी, मॅक्सिल्यूला, हरवते ती हीच. जेमतेम काही मिलिमीटरची, पारदर्शक, पाचवीला चिकटून निघते आणि चिमट्यावरच वाळून जाते. पाचवी काढल्यावर ती पाण्याच्या थेंबात सोडा आणि सुईने उलगडून बघा. दोन पापुद्रे वेगळे झाले तर एक मॅक्सिल्यूला. आणखी एक फसवणूक: जबड्याच्या लगेच मागे तोंडाला लागून दोन मऊ पाकळ्या असतात. ते खालचे ओठ, पॅरॅग्नॅथ. त्यांना केसांची कड नाही, सांधा नाही, आणि त्या उपांगांत मोजत नाहीत. तोंडावरचा एकटा मांसल वरचा ओठही नाही.

तिसरी, जबडा म्हणजे मँडिबल. टणक, दातेरी, जाड स्नायूने आत ओढून धरलेला. समोर पानासारखी जी पसरट दांडी दिसते ती पकडून ओढलं तर फक्त दांडीच हाती येते. बोथट चिमटा दातांच्या बाजूने घालून, डावीउजवीकडे हलवत, स्नायू कात्रीने सोडवत काढा.

दुसरी, लांब मिशी म्हणजे अँटेना. तिच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखी एक चपटी पट्टी असते. लांब मिशी ही आतली फांदी, पट्टी ही बाहेरची. साचा पुन्हा तोच. याच बुडात उत्सर्जनाची ग्रंथी असते. पहिली, अँटेन्यूल: तीन तुकड्यांचं बूड आणि दोन आखूड मिशा. मॅक्रोब्रॅकियममध्ये बाहेरची मिशी दुभंगून तीन दिसतात. बुडाच्या पहिल्या तुकड्यात तोल सांभाळणारं इंद्रिय, त्यावरच्या खळग्यात डोळा टेकलेला.

डोळ्याचा देठ उपांगांत धरत नाहीत. पण कापून फेकूनही देऊ नका. कात टाकणं आणि अंडाशय पिकणं रोखून धरणारी संप्रेरकं याच देठातून सुटतात. अंडी उबवणी केंद्रांत मादीचा एक देठ काढून टाकण्याची पद्धत त्यामुळेच पडली.

उरलेल्या धडात जाता जाता दोन गोष्टी बघून घ्या. पाठीकडून जाणारा काळा दोरा, जो स्वयंपाकघरात ओढून काढतात, ते आतडं. पोटाकडच्या बाजूला, स्नायूंच्या तळाशी, गाठी असलेला पांढरा दोरा म्हणजे चेतारज्जू. आपल्या उलट मांडणी. पिकलेल्या मादीत आतड्याच्या वर हिरवट पट्टा दिसेल, ते अंडाशय. हे मांस रस्स्यात टाकण्याचा मोह होतो. रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजलेलं आणि दोन तास उकाड्यात उघडं पडलेलं आहे, नको.

मांडणी

उपांगं अल्कोहोलमध्ये दोन दिवस राहू द्या, म्हणजे आतल्या मांसातलं पाणी निघेल. मग टिपकागदाच्या दोन थरांमध्ये, वर एखादी जाड वही ठेवून, एक दिवस दाबा. काळ्या कार्डवर तीन उभ्या रांगा आखा: ५, ८, ६. प्रत्येक उपांग एकाच दिशेने, बूड वर, टोक खाली, आतली बाजू समोर. गोंद फक्त बुडाला, तोही कुंचल्याच्या टोकाने. सगळीकडे गोंद फासला तर केस चिकटून पिसासारखी फांदी काडीसारखी दिसते. मॅक्सिल्यूला कार्डवर चिकटवू नका. काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून आच्छादन काच टाका.

पाय दाबूनही काळे पडले तर मांस आत कुजतंय. अशा वेळी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर बुडवा. मांस विरघळतं, कायटिनचं पारदर्शक आवरण उरतं, सांधे तर आधीपेक्षा स्वच्छ दिसतात. हे द्रावण कातडी जाळतं, चष्मा आणि मोजे लावूनच हाताळा, आणि गरम करू नका. नंतर पाण्यात तीनचार वेळा धुवा.

कार्ड वाळताना टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. एका रात्रीत मुंग्या अख्खी पोहपायांची रांग घेऊन जातात. पावसाळ्यात कार्डपेक्षा अल्कोहोलच्या छोट्या बाटल्याच बऱ्या, बुरशी टाळण्याचा दुसरा भरवशाचा उपाय नाही.

हीच मोजणी किड्यावर

झुरळ किंवा नाकतोडा घेतला तर मिशांची जोडी एकच मिळते. कोळंबीत जिथे दुसरी जोडी आहे त्या खंडावर कीटकात उपांगच नसतं. त्यामुळे जबडा आकड्याने दुसरा आला तरी जागेने तिसराच आहे. त्यामागची मॅक्सिला म्हणजे कोळंबीची चौथी, आणि झुरळाचा खालचा ओठ, लेबियम, म्हणजे पाचवी जोडी मधोमध जुळून एक झालेली. पायांच्या तीन जोड्या कोळंबीच्या तीन जंभपादांच्या जागेवर येतात.

एकाच साच्यातून कुठे जबडा आणि कुठे पाय निघतो यामागे हॉक्स जनुकं आहेत. मिखालिस अॅव्हेरॉफ आणि निपम पटेल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की कवचधारी प्राण्यांत अल्ट्राबायथोरॅक्स हे हॉक्स जनुक आणि त्याच्या जोडीचं जनुक छातीच्या ज्या खंडांत गप्प असतं, तिथलं उपांग जंभपाद होतं. २००९ मध्ये पारह्याले नावाच्या लहान सागरी प्राण्यात अल्ट्राबायथोरॅक्सचं काम मंदावलं, तर पुढच्या पायांचे जंभपाद झाले. कार्डवरच्या आठव्या आणि नवव्या जोडीच्या मधली, म्हणजे जंभपाद आणि चालपाय यांच्यातली, सीमा ही अशी आखली जाते.

जोड्या उगवताना बघायच्या असतील तर

पिनीडचं अंडं पाव मिलिमीटरच्या आसपासचं, अर्ध्या-पाऊण दिवसात फुटतं. बाहेर पडणारी नॉप्लियस अळी फक्त तीन जोड्या घेऊन येते: दोन्ही मिशा आणि जबडा. ती खात नाही, साठवलेल्या बलकावर दीडदोन दिवस काढते आणि पाचसहा वेळा कात टाकते. पुढची प्रोटोझोइया शेवाळ खाते, हिला सात जोड्या कामाच्या असतात. दुसऱ्या टप्प्यात देठाचे डोळे, तिसऱ्यात पुच्छपाद. म्हणजे १९ वी जोडी १४ ते १८ च्या आधी हजर होते, पुढून मागे या क्रमाला इथे चक्क फाटा आहे. मग मायसिस, तिचे चालपाय बाहेरच्या फांद्यांनी पोहतात, आणि दहाबारा दिवसांनी पोस्टलार्व्हा, जिच्यात पोहपाय काम घेतात. पोहण्याचं काम असं मिशांकडून छातीकडे आणि छातीकडून पोटाकडे सरकत जातं. मॅक्रोब्रॅकियममध्ये नॉप्लियसचा टप्पा अंड्यातच उरकतो. बाहेर येते ती झोइया, आणि मोठ्या स्कॅम्पीत, म्हणजे मॅक्रोब्रॅकियमच्याच एका मोठ्या जातीत, तिच्या ११ अवस्था निमखाऱ्या पाण्यात पार पडतात.

घरी पिनीड अंडी मिळणार नाहीत, पण नॉप्लियस बघायला आर्टेमिया, हा खाऱ्या पाण्यातला इवला कवचधारी जीव, पुरतो. तो कोळंबीचा लांबचा नातलग असला तरी तीन जोड्यांचा साचा तोच. १ लिटर पाणी क्लोरीन उडण्यासाठी एक दिवस उघडं ठेवा. त्यात २५ ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. मत्स्यालयाच्या दुकानातली आर्टेमियाची सुकी अंडी अर्धा ग्रॅम टाका. हजारो पिल्लं निघतात, जास्तीचा लोभ नको. तळ कापलेली बाटली उलटी टांगून तळापासून हवेचे बुडबुडे सोडा आणि दिवा लावून ठेवा. २८ अंशाला १८ ते २४ तासांत फुटतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत दीड दिवस धरा.

काहीच निघालं नाही तर कारणं ठरलेली: अंडी दमट झालेली, हवा बंद पडून अंडी तळाशी बसलेली, किंवा अंधार. उघडलेला डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवायचा असतो. निघाल्यावर हवा बंद करून खालच्या बाजूला दिवा धरा. पिल्लं उजेडाकडे खाली जमतात, टरफलं वर तरंगतात. एक थेंब काचपट्टीवर घ्या, कापसाचे दोनतीन तंतू टाका म्हणजे पळापळ थांबेल, आच्छादन काचेखाली केसाचे तुकडे ठेवा, नाहीतर पिल्लं चिरडतील. सूक्ष्मदर्शकाच्या ४० पटीखाली एक लाल डोळा आणि वल्ह्यासारखी मोठी दुसरी मिशी ठळक दिसेल.

पहिली अवस्था साधारण आठ तासांत संपते, त्यानंतरच ती खाते. स्पिरुलिनाची पूड सुईच्या टोकावर मावेल इतकीच द्या. पाणी हिरवं गढूळ झालं की सगळा गट मरतो. दर दोन दिवसांनी एक पिल्लू काचेखाली घेतलंत तर धडावर पायांच्या कळ्या पुढून मागे उमलताना दिसतील, शेवटी ११ जोड्या. आणि पोहण्याची ती मोठी दुसरी मिशी नरात वाढून मादीला धरण्याचा आकडा बनते.

विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात सायक्लॉप्स, म्हणजे ठिपक्याएवढा कवचधारी जीव, मिळाला, मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या असतील, तर ती वाटीत ठेवून दोनतीन दिवसांत तिचीही नॉप्लियस बघता येते. हाच तो नारूचा वाहक. भारत २००० मध्ये नारूमुक्त ठरला, पण सायक्लॉप्स अजून सगळीकडे आहे.

शेवटचा सराव सुक्या जवळ्यावर करा. मूठभर जवळा कोमट पाण्यात तासभर भिजवा, अखंड नग निवडून भिंगाखाली मोजा. चालपायांच्या तीन जोड्यांवर बारीक चिमटे दिसतील आणि त्यामागे चौथी-पाचवी जोडी सापडणारच नाही. ती तुटलेली नाही. या वंशात ती नसतेच. हिशेब १७ जोड्यांवर थांबला तर मोजणी बरोबर आहे.